पुळणीचं पिंप

५ डिसेंबर २०२४

आज पुन्हा पुळणीच्या पिंपाचं बूच काढलं. काचेची नळी आत सोडली, घोटभर वाईन वर घेतली, तोंडात घोळवली. लाकूड उतरलेलं नाही. नाहीच! परदेशी ओकचं पिंप, आतून भाजून आलेलं, दीड वर्ष वाईन पोटात घेऊन बसलंय, आणि वाईनला ना त्याचा वास ना चव. पाणी प्यावं तशी लागली. त्या पिंपवाल्याने मला गंडवलं, दुसरं काय.

बोलायला कोणी नाही म्हणून इथे लिहितोय. घरात मी आणि टीव्ही, आणि टीव्ही माझं ऐकून घेत नाही.

आमच्या वाडीचे दोन तुकडे. वरचा टेपाडावर, जांभ्याचा. तिथे वेलाची मुळं दगडाशी भांडत जगतात, त्यामुळे मणी बारीक, साल जाड, वाईन काळीभोर आणि तुरट. खालचा सुरूच्या बनामागे, सगळी पुळण, समुद्राची वाळू. पाणी घातलं की गेलंच खाली. तिथले मणी पातळ सालीचे, वाईन फिक्या रंगाची. पण वास असा की माणूस बोलता बोलता थांबेल. जात एकच, शिराज. छाटणी एकाच आठवड्यातली. फरक सगळा मातीचा.

हे मला सत्यवतीने शिकवलं. दिंडोरीची पोर. ट्रकवाल्याशी, म्हणजे माझ्याशी, लग्न करून किहीमला आली आणि कोकणात द्राक्षं लावते म्हणाली. आख्खं गाव हसलं. मीही हसलो, फक्त घराच्या आत. पुढे सगळे पेले घेऊन रांगेत उभे राहिले ते वेगळं.

पुळणीच्या पिंपात आहे ते तिने तोडलेलं शेवटचं पीक. मार्च तेवीसचं. त्याच श्रावणात ती गेली. ते पिंप बिघडता कामा नये. बाकी माझं काय व्हायचं ते होवो.

११ डिसेंबर

आमचा गडी भिकू आता माझ्याबरोबर जेवत नाही. वेलींवर गंधक मारून झालं की इतकी वर्षं पडवीत आम्ही दोघं बसायचो. आज ताट वाढलं तर म्हणतो, "दादा, मी डबा आनलाय. बायकोनं दिलाय." आठवडाभर हेच चाललंय. बायकोला अचानक एवढं प्रेम कुठून फुटलं?

मला कळतं. विधुराच्या घरचं खायला माणसाला कसंसंच होतं. आधी मी हिच्यामुळे माणसात होतो. आता मी एक म्हातारा, जो ताट पुढे करून बसतो.

त्याला म्हटलं, बरं. आंब्याखाली जाऊन जेवला. मी आत जेवलो.

१९ डिसेंबर

पिंपात भर घातली. लाकूड श्वास घेतं, वाईन थोडी थोडी उडते, वर रिकामी जागा राहते. त्या जागेतली हवा लागली की वाईन आंबते. म्हणून दर महिन्याला भर घालायची. पण पुळणीची वाईन आणखी आहे कुठे? होती नव्हती ती सगळी त्याच पिंपात. मग मी वरच्या तुकड्याची घालतो. पहिल्यापासून तेच करतोय. थोडीच लागते, म्हणा. पण आज बूच बसवताना मनात आलं, की असं करत करत आत तिची किती उरली असेल? लगेच दुसऱ्या कामाला लागलो.

ती म्हणाली होती, "वरच्याला लाकूड पाहिजे, त्याचा ताठा उतरतो. खालच्याला जास्त नको. होळीला काढा म्हंजे काढा." ती होळी चोवीसची. पण तेव्हा वर्ष व्हायचं होतं. घरात सुतक-दुखवट्याचं वर्ष असताना नवं लोणचंसुद्धा घालत नाहीत, मी बाटल्या भरून सोहळा करू? वर्ष होऊ दे म्हटलं. वर्ष झालं, तर गणपतीनंतर मला तो मेला ताप आला आणि पंधरवडा खाटेवर गेला. उठलो, चाखली, तर लाकूडच नाही. आता लाकूड न लागता काढली तर इतके दिवस ठेवली कशाला?

थांबायचं. घाई कोणाला आहे?

२४ डिसेंबर

दूध करपलं. मी तिथेच खुर्चीवर पेपर वाचत होतो आणि भिकू वेलींतून धावत आला. "दादा, काय जलतंय?" पातेलं काळंठिक्कर. नाक चोंदलंय थंडीने. इकडे कसली आलीय थंडी म्हणा, पण दव पडतंय खरं. भुरी रोग येईल अशाने घडांवर.

२ जानेवारी २०२५

नवीन वर्षाच्या पाहुण्यांनी किनारा भरलाय. कोणाच्या तरी बंगल्यात गाणी लागलीत. मृणालीचा मेसेज आला, हॅपी न्यू इयर बाबा, आणि एक नाचणारा उंदीर. मीही अंगठा पाठवला.

१४ जानेवारी

संक्रांत. भिकूच्या बायकोने तिळगूळ पाठवला. दात दुखले, गोड काही लागलं नाही. गुळात हल्ली काय भेसळ करतील सांगता येत नाही.

२३ जानेवारी

मला शोध लागलाय. आपल्या जेवणाला चव का नाही? हे पाकिटातलं मीठ! नुसतं चकाकतं, खारटपणाच्या नावाने ठणठण. आमचं घराणं मिठागरवाल्यांचं. धरमतरच्या खाडीकडे आमच्या आज्याची आगरं होती. चिमूट जिभेवर टेकवायचा आणि कोणाच्या आगरातलं मीठ ते सांगायचा. तीच जीभ माझ्याकडे आली असं सगळे म्हणायचे. ही पण म्हणायची, आणि ती सहसा माझी स्तुती करत नसे.

तर चमचे वाढवतच होतो, आता सरळ मुठीने घालतो. तरी अळणीच लागतं, पण निदान प्रयत्न केल्याचं समाधान. कालचा भात उरला तो कुत्र्याला घातला. हुंगून निघून गेला. कुत्र्यांचेही लाड वाढलेत.

८ फेब्रुवारी

मृणाली आली! पुण्याहून पहाटे निघून दहाला दारात. वाळली आहे. मी सुरमईचं कालवण केलं, तिच्या आईच्या पद्धतीचं, त्रिफळ घालून. पोरगी अर्धवट जेवली. तांब्याभर पाणी प्यायली, मग आणखी एक. विचारलं तर म्हणते, "बाबा, मी हल्ली कमीच खाते." कमी खा, पण आपल्या घरात कशाला?

जेवण झाल्यावर तिला पिंपाकडे नेलं. कौतुकाने नळीभर काढून दिली. तिने वास घेतला, मग तोंडात घेतली, आणि बराच वेळ गिळलीच नाही. दाराबाहेर बघत राहिली.

"छान आहे, बाबा."

"लाकूड नाही ना उतरलं अजून?"

"उतरलंय की. बाबा, भरून टाकू या का बाटल्या? आजच? मी आहे, भिकूकाका आहेत."

"काय घाई आहे? अजून दोन महिने राहू दे."

"नको हो, बाबा. आईने होळी सांगितली होती. एक होळी गेलीसुद्धा."

मला राग आला. आईने काय सांगितलं होतं ते ही मला सांगणार! म्हटलं, "तुझ्या जिभेला काय कळतं? कॉफी पिऊन पिऊन जीभ मेलीय तुझी." ती आत गेली. मग ओट्यावरची भांडी घासायला लागली. घासलेलीच होती.

९ फेब्रुवारी

गेली. निघताना मिठाचा डबा उघडून बघत होती. म्हटलं, घेऊन जातेस काय? हसली नाही. गाडी वळेपर्यंत उभा राहिलो. मग उगाच वरच्या तुकड्यात फिरून आलो. संध्याकाळी तिचं दुपारचं ताट धुतलं. कालवण तसंच होतं, कडेला सारलेलं.

आपल्या हातचं पोरीला आवडेनासं झालं, याचं मला फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही.

२० फेब्रुवारी

आज जे झालं ते सरळ लिहितो.

मनुबाई थळहून मासे घेऊन येते, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी असेल. सत्यवतीची मैत्रीण. हिला मासे साफ करायला तिनेच शिकवलं. ही गेल्यापासून दारातच टोपली उतरवते, मासे देते, चालू लागते. आज ऊन कडक होतं, मनुबाई घामाघूम. म्हटलं, "मनुबाई, जेवून जा. मांदेलीचं कालवण केलंय." तिने नको म्हटलं, मी हट्ट धरला. मला खरंच कोणीतरी समोर बसून जेवायला हवं होतं.

एक घास घेतला आणि तोंडावर हात धरून मोरीकडे पळाली. चूळ भरली, पुन्हा भरली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"रावजी, मेल्या, यो कालवन हाय का मिठागर? मना मारतंस काय?"

"काहीतरीच! अळणी आहे उलट. हल्लीचं मीठ—"

"मिठाला नको बोलूस. तू खातंस ह्यो? रोज?"

"खातो की."

तिने माझ्या ताटातला भात बोटाने उचलला, चाटला, थुंकली. आवाज एकदम उतरला. "अरे, तुझी जीभ गेलीय रं. कवापासून हाय असा? कुनी सांगला न्हाय तुला?"

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहवत नाही. आगरवाल्याच्या नातवाला मीठ शिकवते म्हणालो, टोपली उचल आणि नीघ म्हणालो. ती गेली. टोपली मात्र विसरली. माशांवर माश्या बसल्या तरी मी तिथेच बसून होतो.

कुनी सांगला न्हाय तुला? सांगणार कोण? ताटावर माझ्याबरोबर जेवायला होतं कोण?

२१ फेब्रुवारी

सकाळी तीन पेले मांडले. एकात मिठाचं पाणी, एकात साखरेचं, एकात साधं. डोळे मिटून त्यांची अदलाबदल केली आणि एकेक प्यालो. तिन्ही ओली होती. एवढंच सांगता आलं. पुन्हा केलं. मग मीठ नुसतंच, मूठभर, जिभेवर. वाळू.

भिकूला बोलावलं. म्हटलं, डबा का आणतोस खरं सांग. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. "दादा, खारट व्हायचा. तुमाला वाईट वाटल म्हून..." सगळ्यांना माझं वाईट वाटत होतं! भिकूला, पोरीला, कुत्र्यालासुद्धा. आणि मी समजत होतो, मी लोकांना नकोसा झालोय.

पण हे सगळं एकीकडे. मला खरी भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तापापासून मी पिंप चाखतोय आणि लाकूड नाही, लाकूड नाही म्हणून थांबतोय. पिंपवाल्याला शिव्या घालतोय.

मृणालीला फोन लावला. "मृणू, त्या दिवशी तू छान म्हणालीस. आता खरं सांग."

"तब्येत बरी आहे ना, बाबा?"

"माझी जीभ गेलीय गं. मला काहीच लागत नाही. तुला काय लागलं ते सांग."

मग ती रडायला लागली. म्हणाली, "बाबा, मला कालवणावरून आलं होतं लक्षात. धीर नाही झाला सांगायचा. लाकूड आहे हो. नुसतं लाकूड. सुताराच्या दुकानात रंध्याखालची भुकटी तोंडात जावी तसं. कडू, कोरडं."

"आणि खाली? लाकडाखाली? पुळण?"

"खूप शोधली मी."

"आईची वाईन आहे ती."

"नाही राहिली, बाबा."

फोन ठेवल्यावर मी पिंपाशेजारी जमिनीवर बसलो. तिला माझ्याच हाताने, जपून जपून, गुदमरवलं मी. वरच्या तुकड्याची भरही मीच घातलेली.

२७ फेब्रुवारी

अलिबागला डॉक्टरकडे गेलो. तापाने होतं म्हणाले, परतही येते कधीकधी, आली तर. वास नाही म्हणून चव नाही असंही असतं, पण तुमचं मीठ-साखरही गेलंय म्हणजे जरा जास्तच आहे. ब्लडप्रेशर बघून त्यांचे डोळे विस्फारले. मीठ बंद. म्हणजे आता मी अळणी खायचं. मला काय फरक पडतो!

येताना थळला उतरलो. मनुबाईची टोपली धुऊन नेली होती. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, पण ती मासळी वाळत घालत होती आणि वर न बघता म्हणाली, "ये, बस." बसलो. तिने चहा दिला. तिला म्हटलं, "चुकलो." ती म्हणाली, "व्हय, चुकलास." तेवढ्यावर मिटलं.

६ मार्च

मृणाली रजा घेऊन आली. मीच बोलावलं. पुळणीचे घड तोडणीला आले आहेत आणि कधी तोडायचे ते सांगणारं आता कोणी नाही.

मीटर आहे, साखर किती ते सांगतं. पण सत्यवती म्हणायची, साखर होणं आणि पिकणं वेगळं. ते तोंडालाच कळतं. दर मार्चमध्ये सकाळी उन्हं चढायच्या आत ती वेलींतून फिरायची, इथला एक मणी, तिथला एक, आणि मागून मी बादली घेऊन. तिने "परवा" म्हटलं की परवा. मी कधी विचारलं नाही कसं कळतं म्हणून. ती होतीच ना!

"मला नाही येत हो, बाबा," मृणाली म्हणाली. "चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं. मला तर चुकतासुद्धा येत नाही."

मला जे येतं ते सांगितलं. मणी दाबून बघ. देठापासून सुटताना चिकटतो का बघ. बी चाव, हिरवी असली तर रबरासारखी लागते, पिकली की भाजल्या चण्यासारखी कडकन फुटते. हे दाताचं काम, ते मला अजून जमतं. पुढचं तू सांग.

ती चघळत राहिली. "आधी आंबट."

"मग?"

"मग गोड. पण आंबट जात नाही, मागे राहतं."

"चांगलं का वाईट?"

"थांबा हो! घाई करू नका." अगदी तिच्या आईच्या सुरात. मी दुसरीकडे बघितलं.

सुरूकडच्या ओळीपर्यंत गेलो. तिथे तिने सांगितलं, "शनिवारी. वरचं आणखी आठवडाभर." मी मान डोलावली. बरोबर का चूक, मला काय ठाऊक! पण सांगणारं कोणी तरी होतं.

९ मार्च

काल पुळणीची तोडणी झाली. भिकू, त्याची बायको, मनुबाई, तिच्या दोन सुना. जेवण भिकूच्या बायकोने केलं आणि सगळे पडवीत एकत्र जेवलो. माझं ताट अळणी, वेगळं. हसले माझ्यावर. हसू दे.

रस स्टीलच्या टाकीत गेला. मृणालीने विचारलं, पुढे पिंपात घालायचा का? मी म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, "नको. पुळणीची लाकडात घालायचीच नाही, कधीच. ती जशी आहे तशी राहू दे." सत्यवतीने निदान थोडं लाकूड चालवलं असतं. पण ही ती नाही. पोरगी आहे आणि जीभ तिची आहे. बरं म्हटलं.

जुन्या पिंपावरून मात्र वाद झाला. तिचं म्हणणं, ओतून द्या, नाहीतर व्हिनेगरला द्या. लोकांना आईच्या नावाने ही पाजायची नाही. म्हटलं, लोकांना नाही पाजणार. मग कशाला ठेवायची? "राहू दे," एवढंच म्हणालो.

१६ मार्च

मृणाली गुरुवारी होळीचा नारळ टाकून गेली. वरची तोडणी काल भिकूने आणि मी उरकली. मृणालीला दोन दिवस फोटो पाठवून बिया कशा फुटतात ते कळवत होतो, तिने फोनवरूनच सांगितलं, तोडा. आज घर पुन्हा पहिल्यासारखं. टीव्ही लावला नाही.

दुपारी एकट्यानेच पुळणीचं पिंप रिकामं केलं. एकेक बाटली भरली, बूच मारलं, जिन्याखाली आडवी लावली. लेबल नाही. संध्याकाळी त्यातली एक घेऊन पडवीत बसलो. समोर अळणी भात.

पेल्यात ओतली. रंग काळसर झालाय, पूर्वी पेल्यापलीकडचा दिवा दिसायचा. तोंडात घेतली. काही नाही. ओली आणि गार.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की जगात ही वाईन आता मला एकट्यालाच पिता येईल. मृणालीला लाकूड लागतं, मनुबाईला लागेल, कोणालाही लागेल. मला लागत नाही. मी डोळे मिटले आणि तेवीसच्या मार्चमधली सकाळ आठवणीतून काढली. टाकीतला पहिला रस तिने मला ओंजळीतून पाजला होता, हात चिकट होते, आणि म्हणाली, "कसाय? नुसते बघत काय राहिला, बोला की!" मी तेव्हा बरा आहे म्हणालो होतो. तो कसा होता ते मला नीट आठवतंय, अगदी जिभेवर आठवतंय.

पेला संपवला. आणखी अर्धा ओतला. फार चांगली झालीय, सत्यवती.